भूमिकांच्या खेळात पहिले पाऊल

खेळ हा विषय व्याख्यानास घ्यावा काय, असे कोणी विचारले तर आपण कुस्तीचे किंवा क्रिकेटचे नाव घेऊन त्याचे समाधान करू. परंतु पडद्यावरच्या खेळाचा उल्लेख झाला की आपण एकदम सावध होतो. हा संशय अगदीच निराधार नाही, आणि त्याचा विचार आम्ही पुढे करणारच आहोत. तथापि ज्या गोष्टीवरून घरोघर वाद चालतात ती मुळात काय आहे, हे समजून न घेता वाद करणे म्हणजे खटल्याचे कागद न वाचता निकाल देण्यासारखे आहे.

आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यातून माणूस घरी येतो. मुलगी पडद्यासमोर बसलेली असते. तो विचारतो, "काय चाललंय?" ती सांगते, "फायनल फँटसी." "कितवा भाग?" "सातवा." "म्हणजे आधीचे सहा झाले वाटतं?" "नाही हो बाबा, तसं नसतं ते." येथे संभाषण संपते. पुष्कळ घरांतून ते याच ठिकाणी संपते आणि त्यानंतर केवळ हुकूम उरतात: बंद कर, झोप, अभ्यास कर. हे 'तसं नसतं' म्हणजे नेमके कसे असते, आणि ज्याला या दीर्घ खेळमालेत स्वतः शिरून पाहावयाचे आहे त्याने कोणत्या दाराने शिरावे, एवढेच सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

भूमिका-खेळ म्हणजे काय?

क्रिकेट खेळताना आपण आपणच असतो. भूमिका-खेळात आपण दुसरे कोणी तरी होतो. ही कल्पना आपल्याला परकी नाही. दारी येणारा बहुरूपी, कोकणातला दशावतारी, भारुडातली सोंगे हे सारे भूमिकेचेच खेळ होत. फरक इतकाच की, दशावतारातल्या राक्षसाचा शेवट ठरलेला असतो, आणि सोंग घेणारा एक असून पाहणारे दुसरे असतात. ज्या खेळांविषयी आपण बोलत आहो त्यांत सोंगही आपले, निर्णयही आपला आणि त्या निर्णयाचे फळही आपल्यालाच भोगावयाचे असते.

या प्रकाराचा आधुनिक उगम पडद्यावर झालेला नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसलेली चार माणसे, कागद, पेन्सिल, फासे, आणि कथा पुढे नेणारा एक सूत्रधार, एवढेच त्याचे साहित्य. प्रत्येकाने एक पात्र घ्यावयाचे, त्याचे बळ, चपळाई, बुद्धी कागदावर मांडावयाची, आणि सूत्रधार जे संकट पुढे उभे करील त्याला त्या पात्राच्या शक्तीनुसार तोंड द्यावयाचे. पुढे संगणक आला आणि त्याने सूत्रधाराचे काम व सगळी आकडेमोड स्वतःकडे घेतली. 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' हे दोन्ही खेळ १९८१ सालचे. जपानमध्ये १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' व १९८७ च्या डिसेंबरात 'फायनल फँटसी' निघाला. या शेवटच्या खेळाची मुख्य मालिका २०२३ साली सोळाव्या भागापर्यंत पोहोचली.

आपल्याकडच्या एका जुन्या खेळाशी तुलना केली म्हणजे या खेळांचे मर्म चटकन ध्यानात येईल. मोक्षपट नावाचा सोंगट्यांचा पट आपल्याकडे होता. परंपरा त्याच्याशी ज्ञानदेवांचे नाव जोडते. आजचा सापशिडीचा खेळ हा त्याच जातीचा. त्यातली सोंगटी म्हणजे जीव, शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. म्हणजे सोंगटी सरकवता सरकवता खेळणारा एका प्रवासी जिवाची भूमिकाच घेत असे. परंतु तेथे पुढे जाणे सर्वस्वी कवड्यांच्या हाती होते. भूमिका-खेळात दैवाच्या जोडीला प्रयत्न येऊन बसला. कवड्या अजून पडतातच, पण कोणती शिडी बांधावी हे आता खेळणाऱ्याला ठरवता येते.

ती शिडी कशी बांधली जाते? आय.टी.आय.तून नुकताच बाहेर पडलेला अप्रेंटिस डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दिवशी कोणी त्याला मोठे यंत्र देत नाही. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून तो कानस घासत बसतो. हात बसला म्हणजे लेथ, त्यापुढे अधिक नाजूक काम. भूमिका-खेळात नेमका हाच क्रम अंकांत मांडलेला असतो. प्रत्येक लढाईनंतर पात्राला काही अनुभवगुण मिळतात. ते ठराविक संख्येला पोहोचले की पात्र एक पायरी वर चढते. मुले त्यालाच 'लेव्हल वाढली' असे म्हणतात. कालपर्यंत ज्या रानात जीव मुठीत धरून जावे लागे, तेथून आज सहज जाता येते. या खेळांची गोडी पुष्कळशी या एका गोष्टीत आहे. केलेले कष्ट येथे वाया जात नाहीत, आणि ते वाया गेले नाहीत हे डोळ्यांना दिसते. ज्यांच्या कष्टांची अशी स्वच्छ नोंद प्रत्यक्ष जगात कोणी ठेवीत नाही, त्यांना या खेळांची ओढ का वाटते याचा उलगडा येथे होतो.

दुसरे तत्त्व टोळीचे. पहिल्या 'फायनल फँटसी'त खेळणाऱ्याने आरंभीच चार वीर निवडावयाचे असतात. धंदे सहा: योद्धा, चोर, मल्ल, संहारक मंत्रांचा जादूगार, आरोग्यदायी मंत्रांचा जादूगार, आणि दोन्ही थोडेथोडे जाणणारा तिसरा. एकच धंदा दोघांना दिला तरी चालतो. म्हणजे क्रम सोडला तर १२६ प्रकारच्या टोळ्या होतात. नवशिक्याला वाटते, चारही योद्धे घ्यावे. पण मग जखमा कोणी भरावयाच्या? ज्या शॉपमध्ये चारही माणसे वेल्डर आहेत आणि फिटर वा इलेक्ट्रिशियन एकही नाही, त्या शॉपची जी गत होईल तीच या टोळीची होते. दुबळा दिसणारा वैद्यच टोळीला जिवंत ठेवतो, हा धडा पहिल्या तासातच मिळतो.

पोथी आणि कीर्तन

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सातवा भाग खेळण्यापूर्वी पहिले सहा खेळलेच पाहिजेत काय?

दीर्घ मालिका दोन जातींच्या असतात. पहिली जात पोथीची. पोथी पहिल्या अध्यायापासूनच वाचावी लागते. मध्येच उघडली तर कोण कोणाचा कोण हे कळत नाही. 'मास इफेक्ट' नावाची खेळमाला अशी आहे. तिचे पहिले तीन भाग २००७, २०१० व २०१२ साली आले, आणि पहिल्या भागात आपण केलेल्या निवडींचे परिणाम तिसऱ्यापर्यंत पोहोचतात. तेथे क्रम मोडणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे.

दुसरी जात कीर्तनाची. आज देवळात कीर्तनाला बसण्यासाठी कालचे ऐकलेले असण्याची गरज नसते. नमन, पूर्वरंग, उत्तररंग हा साचा तोच, टाळ-मृदंग तेच, आख्यान मात्र रोज नवे. 'फायनल फँटसी' ही कीर्तनाच्या जातीची माला आहे. प्रत्येक क्रमांकाचे जग निराळे, माणसे निराळी, कथा तेथल्या तेथे पुरी होणारी. समान काय असते? चोकोबो नावाचा स्वारीचा मोठा पक्षी, सिड या नावाचे कोणी ना कोणी पात्र, आकाशातून जाणारी जहाजे, पुष्कळ भागांतून येणारे स्फटिक, आणि नोबुओ उएमात्सु या संगीतकाराने आरंभीच्या भागांपासून रुजवलेल्या सुरावटी. जुन्या श्रोत्याला ही धृपदे ओळखीची वाटतात. नव्या श्रोत्याचे त्यावाचून काही अडत नाही.

मात्र काही अपवाद ध्यानात ठेवावयास हवेत. २००१ सालच्या दहाव्या भागाची कथा पुढे नेणारा एक जोडभाग २००३ साली निघाला. तो दहाव्याच्या आधी खेळू नये. तेराव्यालाही असेच दोन जोडभाग आहेत. अकरावा व चौदावा हे भाग तर निराळ्याच प्रकारचे. ते इंटरनेटवरून हजारो लोकांनी एकत्र खेळावयाचे आहेत, त्यांना मासिक वर्गणी द्यावी लागते, आणि त्यांना स्वभावतःच शेवट नसतो. नवशिक्याने तेथून आरंभ करू नये.

क्रमांकांचा आणखी एक घोटाळा आहे. जपानमधला दुसरा, तिसरा व पाचवा भाग त्या काळी अमेरिकेत गेलेच नाहीत. म्हणून जपानचा चौथा तेथे १९९१ साली 'दुसरा' म्हणून, आणि सहावा १९९४ साली 'तिसरा' म्हणून विकला गेला. १९९७ च्या सातव्यापासून दोन्हीकडचे क्रमांक जुळले. जुन्या चर्चेत कोणी 'तिसरा भाग सर्वांत श्रेष्ठ' म्हणत असेल, तर बहुधा तो सहाव्याविषयी बोलत असतो.

नावाविषयीही एक आख्यायिका आहे. कर्ते हिरोनोबू साकागुची यांना हा आपला शेवटचा खेळ ठरेल असे वाटले, म्हणून 'फायनल', असे सांगतात. परंतु २०१५ साली साकागुची यांनीच खुलासा केला की, त्यांना केवळ 'एफ-एफ' अशी आद्याक्षरे जमणारे नाव हवे होते. 'फायटिंग फँटसी' हे नाव आधीच दुसऱ्याने घेतलेले होते, म्हणून 'फायनल' आले.

कोणत्या दाराने शिरावे?

ज्याने आयुष्यात कधी असा खेळ हाती घेतलेला नाही, त्याने एकदम चाळीस तासांची कथा घेऊ नये. आधी हात बसावा, आणि त्यासाठी आपल्या शेजारच्या पुण्यात तयार झालेला एक खेळ उत्तम आहे. श्रुती घोष, अविचल सिंग व इयन मॉड यांच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० साली 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. २०१७ साली लोकांकडून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी काम टाकले नाही, आणि २०२० च्या 'गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांत पदार्पणाच्या खेळांच्या विभागात त्यास नामांकन मिळाले. रक्षाबंधनाच्या दिवशी राक्षसांनी पळवून नेलेल्या भावाला, गोलूला, शोधावयास निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका. हातात त्रिशूळ, पाठीशी दुर्गा व विष्णू, आणि भोवती राजस्थानी वाडे. काटेकोरपणे बोलावयाचे तर हा भूमिका-खेळ नव्हे, साहसाचा खेळ आहे. त्यात अनुभवगुणांची मोजदाद नाही. पण तो पाच-सहा तासांत पुरा होतो, त्याची दैवते आपल्या ओळखीची आहेत, आणि २०२२ च्या आवृत्तीपासून त्यात हिंदी संवादांची सोय झाली आहे. पडद्यावरचे पात्र आपल्या बोटांनी कसे चालते हे शिकण्यास एवढे पुरे.

त्यानंतर 'फायनल फँटसी'ची तीन दारे सांगता येतील. ज्याच्याजवळ केवळ मोबाइल फोन आहे, त्याने पहिला भाग घ्यावा. पहिल्या सहा भागांच्या नव्या आवृत्त्या २०२१-२२ साली मोबाइलसाठीही निघाल्या. पहिला भाग लहान आहे आणि वर सांगितलेली टोळीची तत्त्वे त्यात उघडी दिसतात. ज्याला घाई सोसत नाही, त्याने दहावा घ्यावा. त्यात लढाई पाळीपाळीने चालते, पुढची पाळी कोणाची हे पडद्याच्या कडेला लिहिलेले असते, आणि विचार करावयास हवा तेवढा वेळ मिळतो. बुद्धिबळ खेळणाऱ्या वडील मंडळींस तो रुचेल. मुख्य मालिकेत पात्रे आवाजी संवाद बोलू लागली ती याच भागापासून.

पण पिंपरी-चिंचवडच्या माणसाने एकच भाग खेळावयाचा असेल, तर आम्ही सातव्याचे नाव घेऊ.

मिडगार नावाचे एक प्रचंड शहर आहे. शिन्रा ही वीज कंपनीच तेथे सत्ता चालवते. पृथ्वीच्या पोटातून 'माको' नावाची शक्ती ओढून घेणारे आठ रिअ‍ॅक्टर शहराभोवती उभे आहेत. शहर दोन मजली आहे. वर लोखंडी तक्त्यांवर सुखवस्तू लोक राहतात आणि खाली, ज्यांना आकाश दिसत नाही, ती गरिबांची वस्ती. माको ही केवळ इंधन नव्हे, तो भूमीचा प्राण आहे, असे काही लोक म्हणतात. या शहरात फुले उमलत नाहीत. म्हणून खालच्या गल्लीत फुले विकणारी एरिथ ही मुलगी भेटते तेव्हा आपण थबकतो. खेळाचा आरंभ होतो तो एका टोळीने रिअ‍ॅक्टर उडवण्यापासून, आणि आपण ज्याची भूमिका घेतली आहे तो क्लाउड त्या टोळीत केवळ पैशासाठी आलेला आहे.

हे वाचून आपल्या मनात काय येते? हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. तेव्हापासून या माळरानावर कारखान्यांमागून कारखाने आले. त्यांनी गावोगावच्या तरुणांना भाकरी दिली, घरे दिली, मुलांना शिकवले. आणि त्याच काळात पवना-इंद्रायणीत कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी उतरत गेले. अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगताना अनेकदा दिसले आहेत. वारीला निघालेला माणूस त्या फेसाकडे पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात कामावर जातो. हे पाणी कोणी बिघडवले, आणि त्या बिघडवण्यात माझ्या पगाराचा वाटा किती, हा प्रश्न तो मोठ्याने विचारीत नाही. सातवा भाग तो प्रश्न विचारतो. तो सोपे उत्तर देत नाही हे त्याचे मोठेपण होय. कंपनी दुष्ट आहे खरी, पण खालच्या वस्तीतले दिवेही तिच्याच विजेवर जळतात. रिअ‍ॅक्टर उडवणाऱ्यांच्या हातूनही निरपराध माणसे मरतात आणि त्याचा हिशेब खेळ पुढे मागतो. पुढे काय होते ते आम्ही सांगणार नाही. ते स्वतः अनुभवण्यासाठीच भूमिका घ्यावयाची असते.

येथेही एक सूचना. १९९७ चा मूळ खेळ चित्रदृष्ट्या ओबडधोबड दिसतो, पण त्यात कथा संपूर्ण आहे. २०२० पासून तीच कथा नव्या रूपात, तीन स्वतंत्र भागांत विभागून सांगावयास घेतली गेली. त्यांतला पहिला भाग मिडगारपुरताच आहे आणि दुसरा २०२४ साली आला. नवा पहिला भाग घेऊन 'कथा अर्धवटच संपली' अशी तक्रार करणे योग्य नव्हे.

खेळताना पाळावयाची पथ्ये

पहिले पथ्य: गावात शिरल्यावर भेटेल त्या माणसाशी बोलावे. या खेळांत वाट विचारल्याशिवाय वाट सापडत नाही. दुसरे: जेथे जेथे खेळ जपून ठेवण्याची, म्हणजे 'सेव्ह' करण्याची सोय असेल तेथे ती वापरावी. तिसरे: औषधे साठवून ठेवू नयेत. अडीअडचणीला म्हणून राखलेली औषधे कथा संपेपर्यंत पिशवीतच राहिलेली पुष्कळांनी पाहिली आहेत. चौथे: हरलो म्हणून खेळ सोडू नये, एक पायरी चढून परत यावे. पाचवे: दुसऱ्याने लिहिलेला मार्गदर्शक पहिल्याच दिवशी उघडू नये.

भाषेची अडचण खरी आहे. हे खेळ मराठीत नाहीत. त्यांत वाचावयाचे पुष्कळ असते आणि तेही इंग्रजीत. परंतु या अडचणीतूनच एक चांगली सोय निघते. दोघांनी मिळून खेळावे. मुलीने वाचून मराठीत सांगावे, आईने किंवा वडिलांनी कोणती वाट धरावी ते सुचवावे. अशा रीतीने आठवड्यातून दोनदा तासभर बसणाऱ्या घरात कथा दोन-तीन महिन्यांत आरामात पुढे सरकते, आणि बोलावयास विषय उरतो.

संशयाचा विचार

आता आरंभी बाजूस ठेवलेला संशय. खेळाचे व्यसन लागू शकते, ही केवळ आईबापांची समजूत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याचा समावेश केला असून ती आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. पण व्यसन म्हणजे नुसते फार खेळणे नव्हे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळच मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, ही त्याची लक्षणे होत. ती दिसली तर वैद्याचा सल्ला घ्यावा; केवळ रागावून भागणार नाही.

दुसरा धोका पैशाचा. पडद्यावर पैसे लावून खेळावयाचे रमीसारखे खेळ ही वस्तू अगदी वेगळी. त्यांत पगाराचे पगार गेले, कर्जे झाली. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून पैसे लावण्याच्या अशा ऑनलाइन खेळांस मनाई केली. ते खेळ आणि भूमिका-खेळ यांना एकाच नावाने हाक मारणे म्हणजे मटका आणि बुद्धिबळ यांना एकाच पंगतीस बसवणे होय. मात्र मधली एक जात आहे. खेळ फुकट मिळतो, पण चांगले पात्र हवे असेल तर पैसे भरून सोडत काढावी लागते. तिच्याविषयी घरच्यांनी जागरूक असावे.

परीक्षा करावयाची तर तीन प्रश्न पुरेसे आहेत. या खेळाला शेवट आहे काय? एकदा किंमत दिल्यावर तो पुन्हा पैसे मागतो काय? आणि जेवणाची हाक आली असता तो आहे तेथे थांबवून उठता येते काय? 'फायनल फँटसी'चे बहुतेक क्रमांकित भाग या तिन्ही प्रश्नांस समाधानकारक उत्तर देतात. ज्या खेळाची उत्तरे तशी नसतील, त्याला विरोध जरूर करावा. पण तो विरोध नाव ऐकून नव्हे, माहिती करून घेऊन करावा. म्हणजे मुले तो ऐकून घेतील.

शेवटी एकच गोष्ट. जपानी लोकांनी हा प्रकार अमेरिकेकडून घेतला, पण त्यात आपली चित्रकला, आपले संगीत, आपली दुःखे ओतली, आणि म्हणून तो त्यांचा झाला. आपल्याजवळ कीर्तन आहे, मोक्षपट आहे, गडकोट आहेत, नद्या आहेत, आणि यंत्रावर उत्तम हात बसलेली पोरे आहेत. पुण्यात एक 'राजी' होऊ शकली. मराठी बोलणारा, मराठीत विचार करणारा भूमिका-खेळ उद्या याच औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या मुलामुलीच्या हातून व्हावा, अशी आमची इच्छा आहे. पण जो खेळ घरात चोरून खेळावा लागतो, त्याचा कर्ता त्या घरातून निघत नाही.